घाट उतरलो, घाटावर गेलो

इंदूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: महेश्वरला जाताना आम्ही जामचा घाट उतरतो आणि पोचल्यावर पुन्हा नर्मदेच्या घाटावर जातो. डोंगरातला रस्ता आणि नदीकाठच्या पायऱ्या, दोन्हींना एकच शब्द कसा? आणि ‘पश्चिम घाट’ म्हणतात तसं ‘विंध्य घाट’ म्हणावं का?

शब्द एकच आहे. संस्कृतात घट्ट म्हणजे नदीत उतरायची जागा. उंचावरून खाली जिथून उतरता येतं ती जागा, हा अर्थ मराठीनं डोंगरालाही लावला. त्यामुळे घाट म्हणजे डोंगर नव्हे, तर त्यातली चढ-उताराची वाट. बोरघाट, थळघाट ही वाटांची नावं, पर्वत सह्याद्रीच. वाटांचं नाव अख्ख्या पर्वताला दिलं ते युरोपीयांनी, आणि तेच ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्या पाठ्यपुस्तकांत आलं. म्हणून ‘विंध्य घाट’ नको; ‘विंध्यातला घाट’ म्हणावं.

माळव्यात तर हा शब्द फारच नेमका बसतो. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीच्या पठारावर आहे. महूकडे निघालं तर समोर उंच पर्वत उभा राहत नाही; सपाट जमीन चालत राहते आणि एकदम संपते. खाली निमाड, नर्मदेचं खोरं, महेश्वरला उंची जेमतेम १५० मीटर. विंध्य इथे म्हणजे पठाराची तुटलेली कड. निमाडातून वर पाहणाऱ्याला तो भिंतीसारखा दिसतो, इंदूरकराला मात्र तो उतरतानाच कळतो. अहिल्याबाईंच्या काळचा जाम दरवाजा नेमका या कडेवर आहे. पाताळपाणी ते कालाकुंड ही जुनी मीटरगेज रेल्वेही हीच कड उतरते.

पठाराचा उतार उत्तरेकडे असल्यामुळे पाण्याची वाटणीही याच कडेवर होते. महूजवळच्या जानापाव टेकडीवर उगम पावणारी चंबळ नर्मदेकडे पाठ फिरवून यमुनेला जाते. इंदूरच्या राजवाड्यापुढे पडलेला पाऊस खान, क्षिप्रा, चंबळ या नद्या करत शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो; पाताळपाण्याच्या धबधब्याचं पाणी चोरल नदीतून नर्मदेत आणि पुढे अरबी समुद्रात. मला ही गोष्ट कितीदाही सांगावीशी वाटते.

आग्रा-मुंबई रस्त्यानं गेलात तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर वाटेतच मिळतं. आधी मानपूरचा घाट, तो विंध्यातला. मग खलघाट, इथे डोंगर नाही, नर्मदा ओलांडायची जागा आहे. पुढे सेंधव्यापलीकडे बिजासन घाट, तो सातपुड्यातला. तो उतरलं की तापीचं खोरं.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. कोकणातला माणूस ‘घाटावर गेला’ म्हणतो तेव्हा तो देशावर, म्हणजे वरच्या पठारावर गेलेला असतो. आपल्याकडे ‘घाटावर गेला’ म्हणजे नदीकाठी. पठाराच्या अर्थानं इंदुरात ते कोणी म्हणत नाही. आपण नुसतं ‘वर’ आणि ‘खाली निमाडात’ म्हणतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी बोलताना यातून घोटाळा होऊ शकतो.

‘लग्नाचा घाट घातला’ किंवा भांड्याचा घाट, यातला घाट वेगळा. तो घडवणे या अर्थाच्या घट् धातूकडून आलेला आहे, त्याला या चर्चेत आणू नये.