वाचक विचारतात: शरणपूर रोड, कवड्या आणि साखर

प्रश्न: मी रोज शरणपूर रोडवरून जातो. परवा आमचे एक सर म्हणाले की इथे एकेकाळी आफ्रिकेतले सोडवलेले गुलाम राहायचे, खरंय का? आणि दुसरं म्हणजे, गुलामाचं खाणंपिणं सगळं मालकाच्या डोक्यावर, मग हा धंदा परवडायचा कसा? त्या लोकांकडे स्वतःचं असं काही उरलं होतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: सर खरं बोलले. इंग्रज आरमारानं अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईला उतरवायचे आणि त्यातली बरीच इथे शरणपूरला मिशनच्या आश्रमात यायची, सुतारकाम लोहारकाम शिकायची, तिकडच्या इतिहासात त्यांना चक्क 'नासिक बॉईज' म्हणतात. जेकब वेनराईट त्यातलाच. आफ्रिका पालथी घालणारा ब्रिटिश संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ साली तिकडेच वारला तेव्हा ज्या लोकांनी त्याचं शव हजारावर मैल वाहून किनाऱ्याला आणलं त्यात हा होता, तो वारला तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते यानेच, आणि १८७४ ला लंडनमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत हा एकटा आफ्रिकन. आपल्या शाळेत हे कुणी सांगितलं नाही याचा मला अजून राग येतो.

आता परवडण्याचं. निफाडकडचं गुऱ्हाळ बघितलं असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. तोडलेला ऊस थांबत नाही, रस आंबतो, लगेच चरकात घालावा लागतो. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन बेटांवर गुलाम राबायचे त्या उसाच्या मळ्यांत पण तेच, फक्त तिथे हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालू, माणसं झोपेनं पेंगलेली, आणि कुणाचा हात चरकात गेलाच तर तोडायला बाजूला कुऱ्हाड ठेवलेली असायची. माणूस मेला की नवा विकत घ्यायचा, पोरं वाढवत बसण्यापेक्षा ते स्वस्त, असा हिशोब बरेच मळेवाले उघड करायचे. अटलांटिकपार जायला जहाजात कोंबलेली माणसं साधारण सव्वा कोटी, त्यातली जिवंत उतरली एक कोटी सात लाखाच्या आसपास.

आणि त्यांना विकत घ्यायचे कशानं, तर बऱ्याचदा आपल्याकडच्या सुती कापडानं आणि मालदीवच्या कवड्यांनी. देवीच्या आराध्याच्या गळ्यात असते ना, तीच कवडी. पश्चिम आफ्रिकेत ती चलन होती, म्हणून युरोपची जहाजं इकडून भरभरून न्यायची. कवडीमोल हा शब्द मला तेव्हापासून सहज वापरवत नाही.

शिवाय गुलाम गहाण ठेवून कर्ज मिळायचं, म्हणजे पैसा नुसत्या मळ्यात नव्हता, लंडनच्या पेढ्यांत पण होता. १८३३ ला ब्रिटननं गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तर २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना! गुलामांना दमडी नाही, वर बहुतेकांना 'शिकाऊ' म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबवलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटन २०१५ पर्यंत फेडत होतं.

खाणंपिणं मालकाच्या डोक्यावर, हे मात्र तुमचं चुकलं. जमैकात मालक डोंगरउतारावरचा पडीक तुकडा दाखवायचा, पिकवा आणि खा. मालकाचा खर्च वाचला. पण गंमत अशी की त्या तुकड्यावर आफ्रिकेतली कंदमुळं लागली, उरलेला माल रविवारच्या बाजारात जायला लागला, बायका विकायला बसल्या, दोन पैसे गाठीला आले, आणि बाजार म्हटलं की गप्पा, गाणी, भांडणं, लग्नं जुळवणं, सगळं आलंच. अनान्सी नावाच्या लबाड कोळ्याच्या घानाकडच्या गोष्टी जमैकात टिकल्या त्या अशा बसण्याउठण्यात. मालक लोकांना याची धास्तीही होती, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात गुलामांच्या १७३९ च्या बंडानंतर लगेच पुढच्या वर्षी कायद्यानं ढोल बंद केले. तर टाळ्या आणि पायांवर ताल धरला लोकांनी. म्हणजे उरलं होतं की नाही तुम्हीच बघा.

प्रश्न: भेंडी आफ्रिकेतली आहे असं सूनबाई म्हणते. काहीही! – एक आजी, पंचवटी

उत्तर: आजी, यावेळी सूनबाईचं पारडं जड आहे, बरेच अभ्यासक भेंडीचं मूळ आफ्रिकेतच मानतात. अमेरिकेतल्या लुइझियानात गुलामांच्या स्वयंपाकातून आलेला 'गम्बो' नावाचा दाट रस्सा असतो, ते नाव अंगोलाकडच्या भेंडीच्या शब्दावरून पडलं असं बरेच जण मानतात. आपण भेंडी चिकट होऊ नये म्हणून धडपडतो, चिंच काय आमसूल काय, आणि त्यांना रश्श्यात नेमका तो चिकटपणाच हवा असतो.