इतवारीतल्या भंगारवाल्याकडून घेतलेल्या कमांडो खंजिराला एस आकाराचा गार्ड (मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी) आणि कड्याकड्यांची मूठ आहे. दोन्ही भाग एकाच खंजिराचे असतील का?

नाही, हे दोन भाग कारखान्यातून एकत्र निघालेले नसणार. मूठ किंवा गार्ड नंतर बदललेला आहे. कमांडो खंजीर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश फेअरबर्न-साइक्स खंजीर. त्याचा इंग्रजी 'एस'सारखा वळलेला गार्ड १९४१ च्या पहिल्या नमुन्याचा. त्यावर पितळी मूठ येते, बारीक चौकड्या खोदलेली. १९४२ च्या दुसऱ्या नमुन्यात गार्ड सरळ झाला, मूठ बहुतेक तशीच राहिली. ओतीव मिश्रधातूची कडीदार मूठ १९४३ पासूनच्या तिसऱ्या नमुन्याची. आता पातं बघा: गार्डला लागून दोन्ही बाजूंना छोटा चौकोनी सपाट भाग असेल तर ते पहिल्या नमुन्याशी जुळतं. धार थेट गार्डपर्यंत गेलेली असेल तर पातंही उशिराचं. मग भिंग घेऊन मुठीच्या टोकाचा नट तपासा. तिथे पक्कडीचे ताजे ओरखडे, किंवा गार्डची खाच पात्यापेक्षा सैल, म्हणजे खंजीर कधीतरी उघडलाय. जुनेपणाचा रंगही सगळ्या भागांवर सारखा मुरलेला हवा. कृपा करून नट स्वतः फिरवू नका, आणि ब्रासोने तर अजिबात घासू नका! पुरावा तोच असतो, एकदा गेला की गेला.

एक मात्र आहे. युद्धाच्या घाईत नमुना बदलताना शिल्लक भाग वापरले गेले, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या नमुन्याची थोडी सरमिसळ अस्सलही असू शकते. तुमची जोडी त्यात बसत नाही.