कोरियन लोक मूळचे कुठले? त्यांची भाषा चिनीतून आली की तमिळमधून?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे लोक आले कुठून, त्यांची भाषा चिनीची शाखा आहे की तमिळची, आणि ते एकूण आहेत किती. मी चाकणच्या बाजूला कोरियन साहेबांबरोबर दुभाष्याचं काम करतो, त्यामुळे भाषेपासून सुरुवात करतो. सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मॅनेजरने दुपारी मला विचारलं, "बाप मगॉस्सॉयो?" क्लासमध्ये हे वाक्य घोकलेलं असूनही क्षणभर मला नुसतं 'बाप' ऐकू आलं. 'बाप' म्हणजे शिजवलेला भात, आणि भात म्हणजेच जेवण. "जेवलात का?" एवढंच तो विचारत होता. उत्तराची वाट न बघता पुढे निघूनही गेला. आपल्याकडे "काय, झालं का जेवण?" म्हणतात ना, तेच.

मराठी माणसाला कोरियन व्याकरण परकं वाटत नाही. 'हाक्क्योए कायो' हे वाक्य घ्या. हाक्क्यो म्हणजे शाळा, 'ए' म्हणजे आपला 'ला', कायो म्हणजे जातो. शाळेला जातो. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, कर्ता गाळला तरी चालतं. शिवाय समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय क्रियापदाचा शेवटच ठरत नाही, म्हणून ओळख झाल्या झाल्या वय विचारतात. आपलं तू, तुम्ही, आपण एवढ्यावर भागतं. त्यांच्याकडे पायऱ्या त्याहून जास्त.

आता याच वाक्यात चीन कुठे आहे ते बघा. 'हाक्क्यो' हा शब्द चिनीतून आलेला. त्यालाच आजच्या चिनीत श्वेश्याओ म्हणतात आणि जपानीत गाक्को. पण 'ए' आणि 'कायो' अस्सल कोरियन. शब्दकोशातले निम्म्याहून जास्त शब्द असे चिनी मुळाचे आहेत, सांगाडा मात्र स्वतःचा. तेलुगूत संस्कृत शब्द ढिगाने आहेत, म्हणून तेलुगू काही संस्कृतची लेक ठरत नाही. तसंच हे. गंमत म्हणजे घड्याळसुद्धा दोन भाषांत चालतं: साडेतीन सांगताना तास कोरियन आकड्यात आणि मिनिटं चिनी आकड्यात. माझी अजूनही कधीकधी गल्लत होते.

तमिळचं नातं व्हॉट्सअॅपवर दर महिन्याला येतं. आई ऑम्मा, बाप आप्पा, 'मी' म्हणजे ना. ही कल्पना जुनी आहे. होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने 1905 मध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनेवर पुस्तकच काढलं होतं. पण ओठ मिटून उघडले की निघणारे आवाज जगभरची बाळं आईबापांसाठी वापरतात, त्यावरून सोयरीक जुळत नाही. सोयरिकीला नियमित ध्वनिबदल दाखवावे लागतात, आणि ते कुणाला दाखवता आलेले नाहीत. जपानीशी व्याकरण इतकं जुळतं, तरी तेही नातं सिद्ध नाही. कोरियनची खात्रीची सख्खी बहीण एकच, जेजू बेटावरची बोली, आणि तीही आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरली आहे.

लिपी राजा सेजोंगने 1443 मध्ये तयार करवली आणि 1446 मध्ये जाहीर केली. तिच्यातली व्यंजनांची मूळ रूपं उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात, कंठ यांचा जो आकार होतो त्यावरून ठरवली आहेत. कंठ, दात, ओठ असे ध्वनींचे गट पाडायची पद्धत बौद्ध भिक्खूंबरोबर भारतातून चीनमध्ये आणि तिथून कोरियात गेली होती. क-च-ट-त-प म्हणत मोठ्या झालेल्या माणसाला हे वाचून थोडं बरं वाटतं.

आता लोक. पुराणकथा अशी: अस्वल आणि वाघ, दोघांनाही माणूस व्हायचं होतं. देवपुत्राने त्यांना लसूण आणि दवण्याच्या जातीची कडवट पाला-वनस्पती देऊन गुहेत बसवलं. वाघ कंटाळून पळाला, अस्वलीण टिकली, बाई झाली, आणि तिचा मुलगा दानगुन याने इ.स.पू. 2333 मध्ये पहिलं राज्य स्थापलं. दक्षिणेत 3 ऑक्टोबरला याची सरकारी सुट्टी असते. पुरातत्त्व सांगतं ते कमी रंगतदार आहे. द्वीपकल्पात हजारो वर्षं शिकार-मासेमारी करणारे लोक होते, मग इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात मांचुरिया-लियाओनिंगच्या बाजूने पक्की शेती आणि पुढे कांस्य घेऊन माणसं येत राहिली आणि जुन्यांत मिसळली. जनुकांच्या हिशेबात त्यांना जवळचे म्हणजे जपानी आणि उत्तर चीनमधले लोक. 'एकाच रक्ताचे' हे त्यांच्या शाळांत बरीच वर्षं शिकवलं गेलं, पण ते काही खरं नाही.

अयोध्येच्या राजकन्येचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. पहिल्या शतकात 'अयुता'हून आलेली हो ह्वांग-ओक ही गाया राज्याच्या राजा सुरोची राणी झाली, असं तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. मध्ये हजारावर वर्षं गेली, त्यामुळे इतिहासकार ती दंतकथाच धरतात. समाजात मात्र ती जिवंत आहे. सुरोला मूळपुरुष मानणारे गिमहे गावचे किम 40 लाखांहून जास्त आहेत, आणि त्यांच्यात व गिमहेच्या हो मंडळींत लग्न करायची रीत नव्हती, कारण एकाच आईबापाची लेकरं! आडनाव आणि मूळगाव दोन्ही एक असेल तर लग्नाला कायद्यानेच बंदी होती. आपलं सगोत्र प्रकरण म्हणा ना. ती बंदी तिथल्या संवैधानिक न्यायालयाने 1997 मध्ये घटनाविरोधी ठरवली.

संख्या: दक्षिणेत सुमारे 5 कोटी 17 लाख, उत्तरेत अडीच कोटींच्या थोडं वर, बाहेर जवळपास 70 लाख. म्हणजे एकूण साडेआठ कोटींच्या आसपास; 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते साधारण तितकेच. दक्षिणेत 2020 पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. 2023 मध्ये एका बाईमागे सरासरी 0.72 मूल होतं. आमच्या ऑफिसातल्या चाळिशीतल्या साहेबांपैकी निम्मे एकटे आहेत, त्यामुळे मला त्या आकड्याचं नवल वाटलं नाही.

बाहेरच्या 70 लाखांत अमेरिका आणि चीनमधले सर्वांत जास्त. पण मला ओढ आहे ती मध्य आशियातल्यांची. 1937 मध्ये स्टालिनने अतिपूर्वेकडच्या सुमारे 1,70,000 कोरियनांना आगगाड्यांत भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन सोडलं. तिथे किमचीचा, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट लोणच्याचा, कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजर किसून, व्हिनेगर, लसूण आणि धणे घालून काम भागवलं. आज रशियाभर बाजारात ते 'कोरियन गाजर' म्हणून विकलं जातं. आमच्या मॅनेजरला मी त्याचा फोटो दाखवला. त्याने मोबाइल जवळ ओढून नीट पाहिलं आणि विचारलं, "ही तुमच्याकडची कोशिंबीर का?"