‘विचारले तर नसलेले डोक्यात भरेल’ या भीतीविषयी

यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या गावांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी माणसाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडून एक काळजी मी इतक्या वेळा ऐकली आहे की, तिचे पहिले वाक्य सुरू होताच पुढचे मला ठाऊक असते. घरचा कर्ता माणूस गप्प झालेला असतो, जेवण आणि झोप तुटलेली असते, बोलण्यात ‘माझ्यामागे’ हा शब्द वारंवार येऊ लागतो; तरीही जीव देण्याचा विचार येतो का, हे त्याला सरळ विचारायला कोणी धजावत नाही, कारण विचारले तर नसलेला विषय त्याच्या डोक्यात भरेल, असे सर्वांना वाटते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एका कुटुंबाचा अनुभव सांगते.

कपाशी आणि तूर घेणाऱ्या, चाळिशीतल्या एका शेतकऱ्यांना त्यांची पत्नी घेऊन आली होती. सलग दोन खरीप हाती लागले नव्हते. बँकेचे पीककर्ज थकले होते, कृषी केंद्राची उधारी होती आणि त्यावर एका खासगी सावकाराचे देणे. त्यांनी बैलजोडी मेहुण्याला देऊन टाकली होती आणि बँकेची कागदपत्रे कुठे आहेत, हे मोठ्या मुलीला पुन्हा पुन्हा समजावले होते. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, नजरेतून यातले काहीही सुटले नव्हते.

“मग त्यांना विचारलंत का?”

“रोजच इचारते मॅडम. तुमच्या मनात असंतसं काही नाई ना, म्हणून. ते नाई म्हणतात.”

घरोघरी हा प्रश्न असाच विचारला जातो. ‘नाही ना’ म्हणताना आपण उत्तर आधीच मागून घेतलेले असते. आपल्यामुळे घरच्यांना आणखी त्रास नको, या विचाराने खचलेला माणूस ते देऊन टाकतो, आणि हे कोणाला सांगता येण्यासारखे नाही, अशी त्याची खात्रीही पटते.

नंतर मी त्यांच्याशी एकट्याशी बोलले. आधी पिकाचे, मग झोपेचे विचारले आणि मग त्याच आवाजात म्हटले, “भाऊ, इतक्या ताणात काही माणसांना जीव द्यावासा वाटतो. तुम्हाला तसं वाटतं का?” आवाज न चोरता, घाई न करता हा प्रश्न विचारणे मी प्रयत्नपूर्वक शिकले आहे, आणि माझ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग मी यालाच मानते. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले.

“दिवाळीपासून वाटून रायलं. असं कोणी इचारलंच नाई.”

त्यानंतर ते इतके बोलले की मला फारसे काही विचारावे लागले नाही. शेवटी त्यांनी घरी सांगणार का, असे विचारले. जिवाचा प्रश्न असेल तेथे मी गुपित ठेवत नाही, हे मी स्पष्ट केले. मात्र त्यांनी स्वतःच सांगावे, मी शेजारी बसेन, असेही म्हटले. वहिनींनी ऐकून घेतले, रडल्या नाहीत, आणि म्हणाल्या, “फवारणीचं सारं आजच भावजींच्या घरी जाईल.” त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा थोडा काळच टिकते आणि त्या काळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले, ते याचमुळे.

सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनातून दिसले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. ‘गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पुढच्या पाहणीत ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलेले दिसले.

पुढच्या भेटींतला एकच संवाद सांगते. त्रास घटनेइतकाच तिच्याविषयीच्या आपल्या विचारांतून वाढतो, असे मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारधारेची मी असल्याने माझे लक्ष कर्जाइतकेच माणूस स्वतःबद्दल काढत असलेल्या निष्कर्षाकडे असते. “फेडता आलं नाई, म्हणजे मी बिनकामाचा,” असे ते ठामपणे म्हणत.

“शेजाऱ्यांचं पीक गेलं, तेव्हा त्यांना बिनकामाचे म्हणालात?”

“त्याचा काय दोष? पाऊसच तसा होता.”

“तोच पाऊस तुमच्या वावरात पडला ना?”

ते हसले. अनेक आठवड्यांत पहिल्यांदाच, असे वहिनी म्हणाल्या. अर्थात समुपदेशनाने कापसाचा भाव वाढत नाही, आणि देणे तसेच ठेवून केवळ विचार बदलायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. बँकेशी कर्जाच्या पुनर्गठनाचे बोलणे झाले. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा असल्याने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रारही गेली. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांची औषधे कित्येक महिने चालली.

तुमच्या घरात अशी शंका असेल, तर निवांत वेळ पाहून, मुलांसमोर नव्हे, थेट शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ आले तर शपथा घालू नका, लेकरांची आठवण देऊन लाजवू नका. आधी ऐका, मग काही ठरवले आहे का तेही विचारा. ठरवले असेल तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला सहसा शिक्षा होत नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

एकदा विचारून काम संपत नाही. या वहिनी दर पंधरवड्याला, ‘नाही ना’ न जोडता, आजही विचारतात. मागच्या पावसाळ्यात दुबार पेरणीच्या वेळी उत्तर पुन्हा ‘हो’ आले, तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही जिल्हा रुग्णालयात पोहोचले होते.