चार सण, चार शहरं, एकच डबा

सणासुदीच्या डब्यांबद्दल इंदूरच्या वाचकांनी या वेळी बरेच प्रश्न पाठवले. त्यातले निवडक प्रश्न आणि आमच्या पॅकेजिंग सल्लागारांची उत्तरं.

प्रश्न : रामबागेत माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. संक्रांत, चैत्र, राखी आणि दिवाळी या चार सणांसाठी जगातल्या चार शहरांवर बेतलेले डबे करायचे आहेत. डिझायनरने आयफेल टॉवर, बिग बेन वगैरे काढून दाखवले. दिसतात छान, पण सणाशी त्यांचं नातं काही जुळत नाही. शहरं निवडायची कशी?

उत्तर : नातं जुळत नाही, कारण टॉवर बाराही महिने तसाच उभा असतो, त्यात ऋतू दिसत नाही. त्या महिन्यात त्या शहरातली माणसं काय नेसतात, काय बांधतात, कसला कागद कापतात, ते बघा. याचा उत्तम धडा इंदूरजवळच आहे. महेश्वरी साडीचे काठ किल्ल्याच्या कोरीवकामातून आले असं मानतात : चटई, वीट, हिरा, चमेलीचं फूल. साडीवर किल्ल्याचं चित्र कुठेच नाही, तरी काठ पाहिला की महेश्वर ओळखू येतं. डब्यालाही हीच रीत लावा.

संक्रांतीसाठी व्हिएन्ना घ्या. आपल्याकडे काळा रंग हौसेने नेसायचा हा एकच सण, आणि व्हिएन्नात जानेवारी-फेब्रुवारी हा बॉलनृत्यांचा हंगाम : पुरुष काळ्या टेलकोटात, पहिल्यांदा नाचायला उतरणाऱ्या मुली पांढऱ्या पोशाखात. त्याच शहरात १९०३ साली योझेफ होफमान आणि कोलोमान मोझर यांनी ‘वीनर वेर्कश्टेटे’ ही कारागिरांची संस्था काढली. काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी ही होफमानची ओळखच. काळ्यावर पांढऱ्या चौकटींची जाळी काढा आणि काही चौकटींत हलव्याचे काटेरी दाणे बसवा. वेगळं काही करायची गरज नाही.

चैत्रासाठी इस्तंबूल. एप्रिलमध्ये तिथल्या बागा ट्यूलिपने भरतात. इथे एक चूक हमखास होते : पेल्यासारखा गोल ट्यूलिप काढला जातो. तो डच झाला. सोळाव्या शतकातल्या रुस्तेम पाशा मशिदीच्या इझनिक गावच्या रंगीत फरश्यांवरचा ट्यूलिप लांबट असतो, पाकळ्या कट्यारीसारख्या टोकदार. रंग पांढऱ्यावर गडद निळा, फिरोजी आणि टोमॅटोसारखा लाल. छपाईत हा निळा जांभळ्याकडे झुकतो. सायन (निळी शाई) १०० टक्के असेल तर मजेंटा (गुलाबी-लाल शाई) ७० च्या वर जाऊ देऊ नका.

राखीसाठी क्योतो, कारण दोन्हीकडे महत्त्व बांधण्याला आहे. जपानी भेटीवर मिझुहिकी नावाची कागदी दोरी बांधतात, शुभप्रसंगी लाल-पांढरी. सहज सुटणारी फुलपाखरी गाठ पुन्हा पुन्हा यावेत अशा प्रसंगांची, तर न सुटणारी गाठ एकदाच घडाव्यात अशा गोष्टींची. राखी दरवर्षी येते, तेव्हा फुलपाखरी गाठच घ्या. काळी-पांढरी दोरी तिथे शोकाची, ती चुकूनही नको. १६ ऑगस्टला क्योतोच्या डोंगरांवर पेटवतात त्या अग्निअक्षरांचं चित्रही नको. तो पितरांना निरोप देण्याचा विधी आहे. मागे वाहत्या पाण्याच्या रेषा ठेवा. ही तिथली उन्हाळी नक्षी, आपल्या श्रावणातही शोभते.

दिवाळीसाठी मेक्सिको सिटी सुचवतो, पण इथे सांभाळून. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांचं स्मरण करतात, आणि त्याचं फूल म्हणजे झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच. आपल्या दसऱ्या-दिवाळीच्या तोरणातलं फूल तिथे गेलेल्या जिवांना घरची वाट दाखवतं. म्हणून फूल आणि कातरकाम घ्या. कवट्या आणि क्रूस सोडा. ‘पापेल पिकादो’ म्हणजे पातळ रंगीत कागदांची चळत एकत्र छिन्नीने कोरून केलेल्या पताका. तसंच कातरकाम डब्याच्या झाकणावर डायने (धारदार साच्याने) कापलं आणि आतून केशरी बटर पेपर लावला, तर आकाशकंदिलाचा भास होतो. कापताना दोन छिद्रांमधली पट्टी किमान २ मि.मी. आणि छिद्र किमान ३ मि.मी. ठेवा, आतले कोपरे थोडे गोल करा. घडीपासून १२ मि.मी. आत काहीही कापू नका, नाहीतर झाकण भरल्या डब्यावर दुमडतं. बारीक छिद्रांतला कचरा हातानेच काढावा लागतो आणि मजुरी तिथेच वाढते. त्यामुळे पन्नास छोट्या छिद्रांपेक्षा पंधरा मोठी बरी.

प्रश्न : राजेंद्रनगरात मी चॉकलेटं करते. गेल्या हंगामात गडद निळे डबे छापून घेतले. प्रत्येक घडीवर पांढऱ्या रेघा उमटल्या. प्रेसवाले म्हणतात, बोर्डच खराब होता. खरं कारण काय?

उत्तर : बोर्ड खराब असेलही, पण त्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, बोर्डाचा ग्रेन. बोर्डातले तंतू एका दिशेने धावतात आणि डब्याच्या उभ्या मुख्य घड्या त्या दिशेला आडव्या यायला हव्यात. घडी तंतूंना समांतर गेली की ती नीट बसत नाही आणि बाजूही फुगते. ग्रेन ओळखायला बोर्डाचा हातभर लांब-रुंद चौकोन एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती सुरळी होतो, तीच तंतूंची दिशा. शीट वाचवायला काही वेळा डबे आडवे मांडले जातात, आणि ग्रेन तिथेच चुकतो.

दुसरी, क्रीझ, म्हणजे घडीसाठी पट्टीने बोर्ड खाचेत दाबून पाडलेली रेघ. नियम असा : खाचेची रुंदी म्हणजे बोर्डाच्या जाडीची दीडपट, अधिक क्रीझ पट्टीची जाडी. बोर्ड ०.५ मि.मी. आणि पट्टी ०.७ मि.मी. असेल, तर खाच सुमारे १.४५ मि.मी. हवी. ती अरुंद असली तर घडी कापल्यासारखी तुटते, रुंद असली तर वाकडी पडते. पट्टीने छापील बाजूने दाबावं आणि उठलेली कड डब्याच्या आत यावी. कड बाहेर आली असेल, तर पंचिंगच (डायने कापणं-दाबणं) उलटं झालंय.

तिसरी, शाईचा जाड थर आणि त्यावर संरक्षण नसणं. गडद भरीव रंगावर मॅट लॅमिनेशन घ्या. फिल्म शाईला धरून ठेवते आणि रेघ दिसत नाही. नुसतं वॉर्निश इथे पुरत नाही. इंदूरच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेत बोर्ड सुकून कडक होतो, म्हणून उन्हाळ्यात पंचिंग असेल तर बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवायला सांगा. रंगातही थोडी सोय करता येते : घडीच्या जागी नक्षी अशी मांडा की तिथे फिका रंग येईल. व्हिएन्नाच्या चौकटी याला फार सोयीच्या. पांढऱ्या चौकटींची रांग नेमकी घडीवर आणा.

काळ्यावर पांढरी देवनागरी अक्षरं असतील, तर ती आठ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि जाड फाँट घ्या. वेलांट्या आणि अनुस्वार सगळ्यात आधी बुजतात. मोठ्या काळ्या भागासाठी १०० टक्के काळ्यासोबत ४० टक्के सायन चालतो, पण बारीक अक्षरांभोवतीचा भाग फक्त काळ्या शाईचाच ठेवा. रंग जरा सरकले, तर अक्षरांना निळी कड येते.

प्रश्न : माझा डबा २०० × १५० × ४० मि.मी. आहे. वर्षाला चार डिझाइन म्हणजे चार डाय आणि चार वेळा छपाई. छोट्या व्यवसायाला परवडणार कसं? (वाचक, लोकमान्य नगर)

उत्तर : डबा एकच ठेवा, कोरा किंवा एका रंगाचा, आणि शहर फक्त स्लीव्हवर, म्हणजे डब्यावर सरकवायच्या कागदी वेष्टणावर, येऊ द्या. डबा ३५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) फोल्डिंग बॉक्स बोर्डचा, वर्षभराचा एकदम करून घ्या. करड्या पाठीचा डुप्लेक्स स्वस्त पडतो, पण तो रद्दीपासून बनतो. पदार्थ त्याला थेट टेकू नये.

स्लीव्ह ३०० जीएसएमची, १२० मि.मी. रुंद. ती डब्याच्या आडव्या घेराला बसवायची, म्हणजे दोन्ही टोकांना डबा दिसत राहतो. कोऱ्या डब्याचं माप घेऊ नका. डबा भरा, मग मोजा. चकलीने झाकण फुगतं. प्रत्येक बाजूला १ मि.मी. मोकळीक द्या : १५१, ४१, १५१ आणि शेवटची बाजू ४०.५, वर १५ मि.मी. चिकटपट्टी. एकूण सुमारे ३९९. चारी बाजूंनी ३ मि.मी. ब्लीड (कापात जाणारी जादा छपाई) धरा. मोकळीक २ मि.मी. झाली तर स्लीव्ह घसरते, अर्धा मि.मी. राहिली तर सरकवताना कड फाटते.

२० × ३० इंची शीटवर अशा पाच स्लीव्ह शेजारी शेजारी आरामात बसतात. सहावीचा मोह टाळा, कडेला जागा उरत नाही. पाच जागांत चार डिझाइन, म्हणून दिवाळीला दोन जागा द्या : ५०० चांगल्या शीटमधून दिवाळीच्या १,००० आणि बाकी तिन्हींच्या ५००-५०० स्लीव्ह निघतात. छपाईत, पंचिंगमध्ये आणि पेस्टिंगमध्ये वाया जाणाऱ्यांसाठी दहा टक्के शीट जास्त धरा. शीटचा ग्रेन २० इंची बाजूला धावणारा मागा. डाय एक आणि प्लेटांचा संच एकच लागतो. मांडणीचा आणखी एक फायदा आहे : प्रत्येक स्लीव्ह शाईच्या आपापल्या पट्ट्यात येते, त्यामुळे व्हिएन्नाचा काळा गडद केला तरी शेजारचा इस्तंबूल मळत नाही.

छापण्याआधी त्याच बोर्डची कोरी डमी कापून भरल्या डब्यावर चढवून बघा. पडद्यावरच्या रंगावर होकार देऊ नका, बोर्डवरचा प्रूफ मागा. स्लीव्हवर साल, किंमत, तारीख छापायची नाही, त्यासाठी वेगळं स्टिकर. उरलेल्या स्लीव्ह पुढच्या वर्षी कामी येतात. एका डिझाइनचे दोन-तीनशेच नग हवे असतील, तर ऑफसेटऐवजी डिजिटल छपाईचा भाव आधी विचारा.

प्रश्न : परदेशी शहरांची चित्रं वापरायला परवानगी लागते का? आणि डब्यावर कायद्याने काय हवं? (वाचक, इंदूर)

उत्तर : जुनी वास्तू स्वतः रेखाटायला सहसा अडचण नाही, पण काही चिन्हं राखीव आहेत. आयफेल टॉवरवरची रात्रीची रोषणाई ही कलाकृती म्हणून संरक्षित आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचं लाल वर्तुळ आणि न्यूयॉर्कचं हृदयवालं चिन्ह हे ट्रेडमार्क आहेत. तिन्ही टाळा. परंपरागत नक्षी खुली असते, पण आजच्या कुणा कलाकाराने काढलेली तिची आवृत्ती नाही. म्हणून नमुना जुन्या फरशीवरून किंवा कापडावरून नव्याने काढून घ्या.

पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तारखा, शाकाहारी चिन्ह, तुमचा पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक ही माहिती मूळ डब्यावर द्या, कारण स्लीव्ह घरी पोचताच निघते. मात्र स्लीव्हखाली ती झाकली जाता कामा नये. आधीच्या प्रश्नातल्या २०० मि.मी. डब्याला दोन्ही टोकांना ४० मि.मी. मोकळी जागा राहते, तिथे हे नीट मावतं. देवादिकांची चित्रं डब्यावर नकोत. रिकामा डबा टाकताना घरोघरी जीव अडखळतो.

तेलाचे डाग हा डिझाइनचा प्रश्न नाही, आतल्या पिशवीचा आहे. चकली-शेव आधी सीलबंद पाऊचमध्ये भरा, मग डब्यात. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय सील करू नका, नाहीतर वाफ आत धरते आणि चकली मऊ पडते.