ओपीजी काढलाय, मग परत स्कॅन कशाला?

प्रश्न : आईचं वय ६३. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा ७-८ वर्षांपूर्वी काढल्यात, आता इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) बसवायचंय. गेल्याच महिन्यात ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढला, आता डॉक्टर म्हणतात सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) पण करा. उगाचचा खर्च नाही ना हा? आणि आईला रेडिएशनची भीती वाटतेय.

उत्तर : खर्चाचं टेन्शन समजतं, पण खालच्या दाढांच्या जागी मी स्वतः सीबीसीटी बघितल्याशिवाय ड्रिल लावत नाही. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते, दाढांच्या मुळांखालून पुढे येते आणि उपदाढांजवळ हाडातल्या छोट्या भोकातून बाहेर पडून ओठाला, हनुवटीला जाते. तिला इजा झाली तर त्या बाजूचा ओठ बधिर, कधी काही महिने तर कधी कायमचा, चहाचा ओघळ हनुवटीवर आला तरी कळत नाही माणसाला.

ओपीजी म्हणजे सपाट फोटो, त्यात सगळं मोठं दिसतं, मशीनप्रमाणे कमीजास्त पण साधारण २५ टक्के धरा, म्हणजे फोटोत हाडाच्या वरच्या काठापासून नसेपर्यंत १५ मिमी भरले तर खरे १२च, त्यातले २ मिमी नसेच्या वर मोकळे सोडायचेच, उरले १०. फोटोतले १५ खरे धरून, २ सोडून १३ मिमी लांबीचा इम्प्लांट घेतला तर थेट नसेत जाईल!

आणि हाडाची रुंदी तर ओपीजीत दिसतच नाही. दाढ काढून इतकी वर्षं झाली की हाड झिजून कधीकधी सुरीच्या धारेसारखं होतं. शिवाय जिभेच्या बाजूला जबड्याला खाली खळगा असतो, तिथून ड्रिल बाहेर गेलं तर जिभेखाली रक्तस्राव होऊन श्वास अडकू शकतो. सीबीसीटीत जबड्याचे पावाच्या स्लाइससारखे काप दिसतात, प्रत्येकात नसेची जागा म्हणजे छोटा काळा गोल, भोवती बहुतेक वेळा पांढरी कड. डॉक्टरांना सांगा, आईंना स्क्रीनवर दाखवा म्हणून.

रेडिएशन ओपीजीपेक्षा जास्त, पण हॉस्पिटलातल्या सीटीपेक्षा सहसा बरंच कमी. फक्त खालच्या जबड्याचाच स्कॅन पुरे, अख्ख्या चेहऱ्याचा नको, हे आधीच बोलून घ्या.

जाताना कानातलं, गळ्यातलं, केसांतल्या पिना, कवळी असेल तर ती, सगळं काढायचं, आणि स्कॅन चालू असताना १०-२० सेकंद अजिबात हलायचं नाही, गिळायचं पण नाही, नाहीतर नसेची कड पुसट येते. नुसत्या प्रिंटवर समाधान मानू नका, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) पेनड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर आईंना परत मशीनमध्ये उभं राहायला नको.