घरच्या सरावासाठी डार्टबोर्ड निवडताना

आपला प्रश्न असा आहे की, घणसोलीच्या फ्लॅटमधील हॉलमध्ये लावण्यासाठी खेळण्यांच्या दुकानातला कागदी बोर्ड पुरेल, ऑफिसात आहे तसा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घ्यावा, की महाग ब्रिसल बोर्ड घ्यावा, आणि बोर्ड बदलल्याने नेम खरोखर सुधारतो का. मी ठाण्यात मानपाड्याला राहतो आणि गेली अकरा वर्षे घरीच सराव करत आलो आहे. आपला डार्ट नेमका कुठे बसला हे जो बोर्ड प्रत्येक वेळी खरे सांगतो, त्याच्यावरच हात सुधारतो. म्हणून शक्य असेल तर ब्रिसल बोर्डच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदी बोर्डात डार्ट उपटला की भोक तसेच राहते, आणि काही आठवड्यांत बोर्डावरच्या वीस आकड्याच्या घरात डार्ट टिकेनासा होतो. ब्रिसल बोर्ड घायपाताच्या वाखाचा असतो. त्यात वाखाच्या जुड्या प्रचंड दाबून अशा बसवलेल्या असतात की धाग्यांची टोके खेळाडूकडे येतात. त्यामुळे डार्ट धागा न तोडता दोन धाग्यांच्या मधून आत शिरतो आणि काढल्यावर धागे पुन्हा एकमेकांना भिडतात. दुकानात बोर्डावर अंगठा जोरात दाबून पाहावा. पृष्ठभाग दबला किंवा धागे सुटून हाताला लागले, तर तो बोर्ड घेऊ नये.

त्यानंतर मोजपट्टी लावावी. स्पर्धेच्या बोर्डाचा व्यास ४५१ मिलिमीटर असतो, बुलच्या, म्हणजे बोर्डाच्या मधल्या छोट्या गोलाच्या, मध्यापासून डबलच्या, म्हणजे दुप्पट गुण देणाऱ्या पट्टीच्या, बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर १७० मिलिमीटर असते, आणि डबल व ट्रिपलच्या (तिप्पट गुणांच्या) पट्ट्या जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असतात. लहान आकाराच्या बोर्डावर वर्षभर सराव केलेल्या खेळाडूला खऱ्या बोर्डासमोर उभे राहिल्यावर वीसचा ट्रिपल नव्याने शोधावा लागतो.

सर्वात जास्त लक्ष तारांकडे द्यावे. माझ्या पहिल्या बोर्डाच्या तारा गोल आणि जाड होत्या, त्या पिनांनी ठोकलेल्या होत्या, आणि बुलभोवतीच्या पिना तर डोक्यासह वर आलेल्या होत्या. बरोबर बुलवर गेलेला डार्ट पिनेवर आपटून टाइल्सवर पडायचा, टोक बोथट व्हायचे, आणि मी मात्र चूक हाताची समजून बिनचूक फेक बदलत राहिलो. ती बिघडलेली फेक जागेवर आणायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. म्हणून तारा पात्यासारख्या पातळ आणि वाखात रुतवलेल्या असाव्यात, आणि पिना कुठेही नसाव्यात, निदान बुलपाशी तरी नसाव्यातच. विनमाऊ कंपनीच्या ब्लेड मालिकेतले किंवा युनिकॉर्न कंपनीचे एक्लिप्स हे बोर्ड या प्रकारचे आहेत. पीडीसी या व्यावसायिक डार्ट संघटनेच्या स्पर्धांमध्ये २०२२ पासून विनमाऊचा बोर्ड वापरला जातो.

आकड्यांचे कडे सुटे आहे ना, हेही पाहावे. सगळा मारा वीसवर होत असल्याने ते घर आधी झिजते. दर पंधरा दिवसांनी बोर्ड फिरवून कडे पुन्हा असे लावावे की वीसचा आकडा दुसऱ्या काळ्या घरावर येईल.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. वाख ओल शोषतो. एका जुलैत बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या माझ्या बोर्डावरून तळवा फिरवला, तेव्हा वीस आणि पाचच्या मध्ये तार आत गेल्यासारखी आणि वाख दोन्ही बाजूंनी वर आल्यासारखा लागला. तेव्हापासून बोर्ड आतल्या भिंतीवरच लावतो. बोर्डावर पाणी शिंपडावे असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये; भिजवण्याची पद्धत जुन्या लाकडी बोर्डांची होती, ब्रिसल बोर्ड त्याने खराब होतो.

लावताना बुलचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर असावा आणि उभे राहण्याची रेघ २.३७ मीटरवर असावी. हे अंतर भिंतीपासून मोजायचे नसून बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून मोजायचे असते, म्हणून बोर्डासमोर ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी आणि तिथून मोजावे. बोर्ड साधारण पाच किलोचा असतो. नुसत्या खिळ्यावर न टांगता भिंतीत प्लग बसवून स्क्रूवर टांगावा, आणि घर भाड्याचे असल्यास मालकांना आधी विचारावे.

इलेक्ट्रॉनिक बोर्ड सहकाऱ्यांबरोबर खेळायला चांगला आहे, पण त्याचे डार्ट प्लास्टिकच्या टोकाचे असतात आणि रेघही २.४४ मीटरवर असते, त्यामुळे स्टीलच्या डार्टचा सराव त्यावर होत नाही.

नवा बोर्ड आल्यावर पहिला डार्ट फेकण्याआधी तिन्ही डार्टच्या टोकांवरून नख फिरवावे. नख कुठेही अडकले तर टोकाला कंगोरा आला आहे, आणि तो प्रत्येक वेळी बाहेर येताना वाख ओढून काढतो. धार लावायच्या दगडावर टोक गोल फिरवून तो घासून टाकावा, आणि खेळताना डार्ट सरळ न उपटता हलकेच पिळून काढावा.